आत्याची पाच पुस्तकं

दिवाळीच्या आधीची गोष्ट. एका बुधवारी ऐन रिलीजच्या गडबडीत जळगावहून आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेली बाई. हातात पुस्तक नसलेली आत्या मी फक्त लग्नकार्यात पाहिली आहे, आणि तिथेही पर्समध्ये एखादं असणारच.

"अरे, सुट्टीला येशील तेव्हा पुस्तकं घेऊन ये. कादंबऱ्या नाहीतर आत्मचरित्रं. नवी बघ जरा, जुनी सगळी झाली माझी."

"किती आणू?"

"पाच. पाचच आण. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं निघालंय. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढेल. रोज अर्धा तास वाचा म्हणाले, तेही भरपूर उजेडात. म्हणजे आता मोजून वाचायचं बाप्पा. पानं फुकट घालवणारं काही आणू नको."

मी "हो आणतो" म्हटलं, फोन ठेवला आणि मग घाबरलो. एरवी कुणी "काहीतरी सुचव ना वाचायला" म्हटलं की आपण धडाधड दहा नावं सांगतो. नाही आवडलं तर दुसरं घ्या, काय बिघडतं? इथे बिघडणार होतं. रोज अर्धा तास या हिशोबाने साडेतीनशे पानांच्या कादंबरीला महिना सहज जाणार. आत्याच्या उरलेल्या नजरेतला एक महिना माझ्या एका शिफारशीवर खर्च होणार होता.

त्या शनिवारी याद्या शोधायला बसलो. 'मराठीतली वाचायलाच हवीत अशी पुस्तकं' छापाच्या. सगळ्या याद्यांत तीच ती आठ-दहा नावं. ती आत्याने मी जन्मायच्या आधी वाचलेली. मग मनात एक वेगळाच प्रश्न आला. आपल्या खानदेशात चांगलं पुस्तक वाचणाऱ्यापर्यंत पोचायचं तरी कसं? कोण कुणाला सांगायचं? त्या नादात दोन शनिवार-रविवार गेले. जे हाती लागलं ते इथे मांडतो, आणि आत्याला शेवटी काय नेलं तेही सांगतो.

सुरुवात धुळ्याच्या तुरुंगापासून करू. साल १९३२. विनोबा भावे राजकीय कैदी म्हणून तिथे होते. दर रविवारी ते बाकीच्या कैद्यांसमोर गीतेवर बोलायचे. पहिलं प्रवचन २१ फेब्रुवारीला, शेवटचं १९ जूनला. मी कॅलेंडर लावून मोजून पाहिलं, बरोबर अठरा रविवार, अठरा अध्याय. एकही रविवार चुकलेला नाही. आपल्या स्प्रिंट कधी इतक्या वेळेत संपतात का सांगा :-) पण विनोबा नुसते बोलत होते. ते शब्द कागदावर आले, कारण समोर बसलेला एक कैदी भराभर लिहून घेत होता. तो कैदी म्हणजे साने गुरुजी. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज कितीतरी भाषांत मिळतं. त्या कैद्याला त्या दिवसांत हात दुखतोय म्हणून कंटाळा आला असता तर ते नसतं.

हेच गुरुजी त्याआधी अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर होते आणि वसतिगृह सांभाळायचे. तिथल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं 'छात्रालय' नावाचं पत्र काढत. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढलं, तेही बहुतेक सगळं चार-पाच दिवसांत. १९३५ साली ते छापून आलं. गोष्ट कोकणातली आहे, पण तिचा घाट बघा. रात्री आश्रमात मुलं गोळा होतात, श्याम सांगतो, मुलं ऐकतात. प्रकरणांची नावंसुद्धा 'रात्र पहिली' अशी. आमच्या पिढीतले बरेच जण हे पुस्तक रडकं म्हणून बाजूला टाकतात. मीही टाकलं होतं. आता परत उघडलं तेव्हा जाणवलं की हे वसतिगृहाच्या खोलीत बसून मोठ्याने सांगितलेलं पुस्तक आहे. एकट्याने डोळ्यांनी वाचलं तर ते जड जातं.

आता जळगावला येऊ. जळगावात साहित्य संमेलन भरलं ते १९३६ साली. अध्यक्ष होते माधव जूलियन. कवितेचा मोठा अभ्यासक, फारसीचा जाणकार, छंदशास्त्रावर अधिकार असलेला माणूस. महाराष्ट्रभरातून लेखक-कवी गावात आलेले. आणि त्याच गावात, शेतातून घरी आणि घरातून शेतात जाणारी पंचावन्न-छप्पन्न वर्षांची एक विधवा बाई राहत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. नाव बहिणाबाई चौधरी. जन्म १८८० चा, शेजारच्या आसोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरीवाड्यात आली, तिशीत नवरा गेला. जात्यावर, चुलीपाशी, शेतात ती गाणी रचायची. त्या संमेलनाच्या वेळी तिचं एकही पुस्तक नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मराठीतल्या कवितेची सगळी शिफारस-यंत्रणा एका गावात जमलेली आणि त्या गावातली सगळ्यात मोठी कवयित्री तिच्या शेतात. यात माधव जूलियनांचा दोष नाही. जे कागदावरच नाही ते कुणी कुणाला कसं सुचवणार?

कागदावर आलं ते घरच्यांमुळे. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्याने आणि घरातल्यांनी आईची काही गाणी वहीत उतरवून ठेवली होती. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी नुसतं कौतुक केलं नाही, पुस्तक निघालंच पाहिजे म्हणून धरून बसले आणि प्रस्तावनाही लिहिली. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' निघाली. योगायोग असा, की १९५२ सालीच आपल्या अंमळनेरला साहित्य संमेलन होतं, कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष होते. म्हणजे जळगावच्या संमेलनापासून सोळा वर्षं आणि एक मरण, इतक्या अंतराने ती गाणी आपल्यापर्यंत आली. पुढच्याच वर्षी याच अत्र्यांनी 'श्यामची आई'वर सिनेमा काढला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. एक माणूस दोन वर्षांत खानदेशाशी नातं असलेली दोन पुस्तकं घरोघरी पोचवतो. अत्र्यांचे विनोद आपण अजून सांगतो, त्यांची ही हमाली मात्र विसरलो. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. ते २०१८ मध्ये मिळालं.

तर सांगायचा मुद्दा हा, की आपल्याकडे पुस्तक हे दोन माणसांचं काम होतं. एक सांगणारा, आणि दुसरा ते उतरवून घेणारा किंवा उचलून पुढे करणारा. विनोबा-गुरुजी, बहिणाबाई-सोपानदेव, मग अत्रे. तिसरी जोडी कादंबरीतली आहे.

यावल तालुक्यातलं फैजपूर सगळ्यांना ठाऊक आहे. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरात तिथे झालं, अध्यक्ष नेहरू. याच तालुक्यातल्या सांगवीला १९३८ साली भालचंद्र नेमाडे जन्मले. पुण्यात फर्ग्युसनला शिकले, मुंबईला राहून पाहिलं, जमेना म्हणून गावी परतले. १९६३ साली पंचविशीत त्यांनी सांगवीला बसून साधारण पंधरा दिवसांत 'कोसला' लिहिली आणि पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने त्याच वर्षी छापली. प्रकाशक रा. ज. देशमुख. खेड्यातल्या अनोळखी पोराची, 'नीट' मराठीत नसलेली, कथानक कुठे आहे ते शोधावं लागेल अशी कादंबरी. आज कुणाही मॅनेजरला ती दाखवली तर तो आधी रिक्वायरमेंट विचारेल. देशमुखांनी छापली.

'कोसला' मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर वाचली. जळगावहून पुण्याला आलेला मुलगा, मेसचं जेवण, बापाच्या पैशाचा हिशोब, आपली भाषा ऐकून हसणारी पोरं. माझं "काय रे भो" ऐकून वर्गातली मुलं हसायची, मी ते सोडून दिलं होतं. पांडुरंग सांगवीकर वाचल्यावर परत सुरू केलं. साहित्याचं एवढं व्यावहारिक मूल्य मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकातून मिळालं नाही. ते पुस्तक मला दिलं होतं आत्यानेच. पहिल्या पानावर तिचं नाव आणि तारीख आहे. म्हणजे आता उलटी बाजू माझ्यावर आली होती.

धुळ्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात वारले. त्यांनी जमवलेली कागदपत्रं सांभाळायला त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. राजवाडे म्हटलं की आपल्याला दफ्तरं, बखरी आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' आठवतात. पण १९०२ साली याच माणसाने 'कादंबरी' नावाचा निबंध लिहिला होता. अद्भुत कादंबरी कुठली, वास्तव कुठली, मराठीत कुठे काय कमी पडतंय, याची झडती घेणारा. गावोगाव फिरून जुनी कागदं वेचणाऱ्याला कादंबरीची फिकीर का असावी? मला वाटतं, कारण सरळ आहे. सनावळी दफ्तरात मिळते. सून सासरी आल्यावर पहिल्या दिवशी काय खाते, सालदार मालकाशी कोणत्या आवाजात बोलतो, हे दफ्तरात नोंदलेलं नसतं. ते एकतर कादंबरीत सापडतं नाहीतर आत्मकथनात.

आणि मग प्रश्न येतो तो ज्यांना दुसरा माणूस मिळालाच नाही त्यांचा. बहिणाबाईंना कवी मुलगा होता. सातपुड्यातल्या, साक्री-नवापूरच्या पट्ट्यातल्या आदिवासी बायांना कोण होतं? तिथल्या नजूबाई गावितांनी कुणाची वाट पाहिली नाही. कॉम्रेड शरद पाटलांबरोबर सत्यशोधक कम्युनिस्ट पक्षाचं काम करता करता त्यांनी 'तृष्णा' ही आत्मकथनात्मक कादंबरी स्वतःच लिहिली. खानदेश म्हणजे केळी, कापूस आणि भरीत एवढंच ज्यांना वाटतं त्यांनी ती जरूर वाचावी. याद्यांमध्ये मला ती एकदाही दिसली नाही. जळगावला १९८४ मध्ये पुन्हा संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष होते शंकरराव खरात, ज्यांचं 'तराळ-अंतराळ' हे आत्मचरित्र नुकतंच, १९८१ मध्ये आलं होतं. आत्या तेव्हा कॉलेजात होती. मांडवाबाहेरच्या स्टॉलवर ते विकत घेतलं आणि घरी आल्यावर पैसे कशाला उधळले म्हणून बोलणी खाल्ली, हे ती अजून रंगवून सांगते. मोठ्या संमेलनांचा फायदा मला विचाराल तर हा. भाषणं कुणाला आठवत नाहीत, पण स्टॉलवरून घरी आलेलं पुस्तक राहतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंमळनेरला सत्त्याण्णवावं संमेलन झालं आणि त्याच वेळी त्याच गावात विद्रोही संमेलनही. मी दोन्हीकडे गेलो. खर्च सांगत नाही, घरचे वाचतात :-)

अंमळनेरचं नाव निघालंच आहे तर आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगून टाकतो. आज आयटी कंपनी म्हणून जगभर माहीत असलेली विप्रो १९४५ साली अंमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. ज्या गावात गुरुजी हाताने 'छात्रालय' लिहीत होते त्याच गावात. पुण्यात हे सांगितलं की कुणाला खरंच वाटत नाही.

असो. आता आत्याची यादी. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाताना माझ्या बॅगेत ही पाच पुस्तकं होती.

पहिलं, 'तृष्णा'. कारण वर सांगितलंच. आपल्याच शेजारच्या माणसांचं आयुष्य आत्याने वाचल्याशिवाय राहू नये असं वाटलं.

दुसरं, नेमाड्यांची 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ', २०१० ची. हिच्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. सहाशेच्या वर पानं, म्हणजे दोन महिने तरी. मध्ये लांबण आहे, काही ठिकाणी लेखक स्वतःच्या मतांच्या प्रेमात पडलेला दिसतो. पण मोहेंजोदडोच्या उत्खननावरून बाप मरणाच्या दारात आहे म्हणून मोरगावला परतणारा खंडेराव, आणि मग वर आलेला तो सगळा गाव, शेती, आत्या-मावश्या, महानुभाव, लभाणी. आमच्या भागाचा इतका मोठा साठा दुसऱ्या कुठल्याही एका पुस्तकात नाही. आत्याने ती टाळली होती, 'जाड आहे' म्हणून. मी नेलीच.

तिसरं, भवरलाल जैन यांचं 'ती आणि मी'. ठिबक सिंचनाचे जैन सगळ्यांना ठाऊक, पण हे पुस्तक त्यांच्या पत्नीबद्दल, संसाराबद्दल आहे. मोठा लेखक लिहितो तसं ते नाही. एक उद्योजक, बायको गेल्यावर, मागे वळून बघतो. जळगावच्या माणसाला त्यातले रस्तेसुद्धा ओळखीचे लागतात.

चौथं, कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. खानदेशातली नाही, कोल्हापूरकडची. धरणाने गाव उठलेलं आणि मागे जंगलात राहिलेली म्हैस आणायला निघालेला माणूस. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार हिला मिळाला. तापीवर हतनूर आणि उकाई झाल्यावर उठलेली गावं ज्यांनी पाहिली त्यांना ही कादंबरी परकी वाटणार नाही. आणि ती लहान आहे, हेही महत्त्वाचं.

पाचवं, नंदा खरे यांची 'उद्या'. खरे सिव्हिल इंजिनिअर होते, नागपूरचे. २०२२ मध्ये गेले. या कादंबरीला अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणारी यंत्रणा आणि तिच्यात राहणारी माणसं. मी दिवसभर जे काम करतो त्याची ही गोष्ट आहे. मी पुण्यात नक्की काय करतो हे आत्या दर वेळी विचारते, आणि मला कधी धड सांगता येत नाही. म्हटलं, खरेच सांगतील.

सकाळी घरी पोचलो. चहा झाला. आत्याने पाचही पुस्तकं हातात घेतली, वास घेतला, मागची पानं पाहिली. 'हिंदू' उचलून वजन केल्यासारखं केलं आणि माझ्याकडे बघितलं. मग टेबललॅम्प लावून 'तृष्णा' उघडली. दहा मिनिटांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाली, "मधली अक्षरं पुसल्यासारखी दिसतात रे. कडेची दिसतात." मला काही बोलता येईना. मग तीच म्हणाली, "तू वाच ना. तुला वाचता येतं की नाही अजून मराठी?"

मी वाचलं. पहिल्या दिवशी अडखळत, कारण मोठ्याने मराठी वाचून मला दहा वर्षं झाली असतील. आत्या मध्येच थांबवून उच्चार सुधारायची, शाळेत असल्यासारखी. चार दिवसांत साठ पानं झाली. निघताना म्हणाली, आता उरलेलं कसं? तर आता असं ठरलंय. दर शनिवारी मी एक तास वाचतो, फोनवर रेकॉर्ड करतो आणि पाठवतो. ती रोज थोडं थोडं ऐकते. 'हिंदू'ला या वेगाने वर्ष लागेल. तिची हरकत नाही, आणि तिच्या डोळ्यांना त्यात ताण पडत नाही.

यात एक गोष्ट सांगायची राहिली. माझी आजी, म्हणजे आत्याची आई, जात्यावरच्या ओव्या म्हणायची. जातं गेलं तरी धान्य निवडताना म्हणायची. मी इंजिनिअरिंगला असताना ती गेली. तेव्हा माझ्या खिशात चांगला फोन होता, लग्नात नाचणाऱ्या मित्रांचे व्हिडिओ त्यात भरलेले होते. आजीचा आवाज दोन मिनिटांचाही नाही. सोपानदेवांकडे नुसती वही होती.

गेल्या शनिवारी रेकॉर्डिंग पाठवल्यावर आत्याचा फोन आला. म्हटलं, "तुला आजीच्या ओव्या आठवतात का?" म्हणाली, "पुऱ्या नाही. अर्ध्या-अर्ध्या आठवतात. काही तिच्या, काही तिच्या सासूच्या, आता कुठली कुणाची सांगता येणार नाही." मी म्हटलं, "अर्ध्या सांग." तिने त्या दिवशी सात सांगितल्या. मी रेकॉर्ड केल्या, आणि शिवाय वहीत हाताने उतरवूनही घेतल्या. आठवी तिला पुढच्या आठवड्यापर्यंत आठवेल म्हणाली.